तेल, व्हिनेगर, मीठ: घरच्या विनेग्रेटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सॅलडची पानं कशी धुवायची, कशी ठेवायची ते लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की ड्रेसिंग विकत आणू नका, घरी दोन मिनिटांत होतं. बाकी लेख राहिला बाजूला आणि प्रश्न आले ते सगळे त्या एका ओळीवर! म्हणून यावेळचं सदर पूर्ण विनेग्रेटला दिलंय. विनेग्रेट म्हणजे तेल आणि काहीतरी आंबट यांचं पातळ ड्रेसिंग, बाकी जे काही घालाल ते हौसेचं. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत, आणि कुणाचीही नावं छापलेली नाहीत.

ताई, मी कधीच केलेलं नाही. अगदी पहिल्यापासून सांगा, मापासकट. जिथे बघावं तिथे वेगळं प्रमाण दिलेलं असतं, डोकं चक्रावतं.

चक्रावू देऊ नका, सुरुवात एकाच मापाने करा. झाकण घट्ट बसणारी छोटी काचेची बरणी घ्या. त्यात आधी एक मोठा चमचा व्हिनेगर (मोठा म्हणजे १५ मिलीचा, मापाचा), त्यात पाव छोटा चमचा मीठ, आणि आता थांबा. बरणी गोल गोल फिरवा आणि तळाशी बघा, मिठाचे कण दिसेनासे झाले पाहिजेत. हे आधी का, तर मीठ तेलात विरघळत नाही. तेल घातल्यावर मीठ टाकलं तर ते तसंच खाली बसतं, मग पहिलं पान अळणी आणि बरणीच्या तळाशी उरलेलं खारट ढोण. मीठ विरघळलं की अर्धा छोटा चमचा मस्टर्ड पेस्ट, थोडी ताजी कुटलेली मिरी, आणि मग तीन मोठे चमचे तेल. झाकण लावा आणि पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा. आधी आत नुसतं पाण्यासारखं डुचमळत असतं, मग आवाज जरा जड येतो आणि पारदर्शक दिसणारं मिश्रण गढूळ, पिवळसर, साईसारखं होतं. चमच्याच्या पाठीवर त्याचा थर राहिला म्हणजे झालं. एवढं साधारण चार जणांच्या सॅलडला पुरतं.

आता प्रमाणाचं. तीन भाग तेल आणि एक भाग आंबट, हे काही आजचं नाही, सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये सॅलडवर जे लिहिलं गेलं त्यातही हेच प्रमाण सापडतं. पण प्रत्येक व्हिनेगर सारखं आंबट नसतं ना, तिथेच सगळा घोळ आहे. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात ते वाचायची सवय लावा. साधं पांढरं व्हिनेगर बहुधा ५ टक्क्यांचं असतं, वाइनपासून केलेलं ६-७ टक्क्यांपर्यंत जातं, तांदळाचं ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरंच सौम्य. मग ७ टक्केवाल्याला तीन भाग तेल कमीच वाटेल आणि तांदळाच्या व्हिनेगरला तेच तीन भाग घातले तर नुसतं तेलकट लागेल, त्याला दोन भाग पुरे. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं प्रमाण दिसतं त्याचं एक मोठं कारण हेच, लिहिणाऱ्याच्या हाताशी जे व्हिनेगर होतं त्याप्रमाणे त्याने लिहिलेलं असतं.

आणि चव कशी बघायची ते नीट ऐका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. चमच्याने चाखू नका. नुसतं ड्रेसिंग जिभेवर ठेवलं की ते हमखास जास्त आंबट आणि जास्त खारट वाटतं, मग आपण घाबरून तेल वाढवतो आणि सॅलडवर घातल्यावर ते मिळमिळीत लागतं. जे पान किंवा जी भाजी सॅलडमध्ये घालणार आहात तिचा एक तुकडा बरणीत बुडवा, जास्तीचं झटका आणि तो खा. काकडी पाणीदार, तिला मीठ जास्त लागतं. कडवट पानं असतील तर थोडी गोडी लागते. हे काकडीचा तुकडा खाल्ल्यावरच कळतं.

माझं ड्रेसिंग फुटतं. कितीही हलवलं तरी पाच मिनिटांत तेल वर आणि व्हिनेगर खाली. माझं काय चुकतंय?

काहीच चुकत नाहीये! तेल आणि व्हिनेगरचं एकमेकांशी पटतच नाही. व्हिनेगर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात थोडं ॲसिड. जोरात हलवल्यावर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते थोडा वेळ व्हिनेगरमध्ये तरंगत राहतात, पण थेंब थेंबाला भेटला की दोघांचा एक मोठा होतो, मोठा झाला की वर चढतो आणि बघता बघता वर तेलाचा थर. विनेग्रेट हे मुळात थोड्या वेळासाठीच एकजीव होणारं ड्रेसिंग आहे. वाढायच्या आधी परत हलवा, संपला विषय.

पण जरा जास्त वेळ टिकावं असं वाटत असेल तर मस्टर्ड वगळू नका. लोकांना वाटतं ती फक्त तिखटपणासाठी असते. मोहरीच्या दाण्याच्या सालात एक बुळबुळीत, चिकट पदार्थ असतो, तो तेलाच्या थेंबांभोवती बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. डिजॉन मस्टर्ड सगळे सांगतात कारण ती गुळगुळीत असते आणि पटकन मिसळते, पण दाणेदार मस्टर्डही चालते. अंड्यातलं पिवळं वापरलं तर त्यातलं लेसिथिन हेच काम आणखी नेटाने करतं, मेयोनेज त्याच्याच जोरावर उभं राहतं. मध घालतात त्याने मिश्रण दाट होतं म्हणून थेंब सावकाश फिरतात, फुटायला वेळ लागतो इतकंच. मस्टर्डची बरोबरी मध करू शकत नाही.

अजून पक्कं हवं असेल तर बरणी सोडा आणि वाडगं घ्या. व्हिनेगर, मीठ, मस्टर्ड एकत्र फेटा आणि तेल आधी थेंब थेंब, मग बारीक धारेने, हात न थांबवता घाला. सुरुवातीचं एक चमचाभर तेल नीट मिसळलं की पुढचं सगळं आपोआप सुरळीत होतं, म्हणून धीर धरायचा तो सुरुवातीला. सगळं तेल एकदम ओतलंत आणि मग फेटत बसलात तर थेंब मोठेच राहतात.

विकतच्या बाटलीतलं महिनोन् महिने एकजीव कसं राहतं असंही एकीने विचारलंय. लेबल वाचा, बऱ्याचदा झँथन गम दिसेल. तो बॅक्टेरियाच्या मदतीने साखर आंबवून करतात आणि चिमूटभरानेही पाणी दाट होतं. वाईट काही नाही त्यात. पण आपल्याला आत्ता करून आत्ता खायचंय, मग त्याची गरज काय.

तेल कुठलं वापरू? ऑलिव्ह ऑइलच लागतं का?

नाही, मुळीच नाही. एकच परीक्षा आहे, तेल कच्चं खाल्लं जाणार आहे तेव्हा ते कच्चं चांगलं लागलं पाहिजे. बाटली उघडून वास घ्या, एक थेंब जिभेवर ठेवा. जुन्या रंगाचा किंवा मेणाच्या खडूचा वास आला तर तेल खवट झालंय, ते कुठल्याच व्हिनेगरने झाकलं जाणार नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हला स्वतःची चव असते, थोडी कडसर, घशाशी झणझणणारी, ती आवडत असेल तर घ्या. सूर्यफुलासारखं बिनवासाचं तेल घेतलं तर व्हिनेगरची आणि भाजीची चव पुढे येते, नाजूक पानांना मला तेच जास्त बरं वाटतं. अर्धं हे अर्धं ते केलं तरी छान. अक्रोडाचं किंवा भाजलेल्या तिळाचं तेल मात्र थेंबांवर मोजा, पूर्ण तीन चमचे घातले तर दुसरं काही लागणारच नाही.

एक सावधगिरी, एक्स्ट्रा व्हर्जिन मिक्सरमध्ये जोरात फिरवू नका, कडू होऊ शकतं. मिक्सरच हवा असेल तर बिनवासाच्या तेलाने करा आणि ऑलिव्ह शेवटी हाताने ढवळा.

मी वजन कमी करतेय. तेल पूर्ण काढून फक्त लिंबू-मीठ घालून सॅलड खाते. हेच जास्त हेल्दी ना?

तुमची काळजी समजते, एका मोठ्या चमचा तेलात साधारण १२० कॅलरीज असतात आणि बाटली तिरपी करून ओतलं तर कधी तीन-चार चमचे पडले ते कळत पण नाही. पण पूर्ण काढू नका हो. गाजर, टोमॅटो, पालक यांच्यात जे रंगीत घटक असतात, बीटा कॅरोटीन, लायकोपीन, ल्युटीन, ते आणि व्हिटॅमिन के हे सगळं शरीरात शोषलं जायला फॅट लागतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, पालक, लेट्यूस, टोमॅटो, गाजराचं तेच सॅलड एकदा बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर, एकदा ६ ग्रॅम तेलाच्या आणि एकदा २८ ग्रॅम तेलाच्या ड्रेसिंगबरोबर लोकांना दिलं आणि नंतर रक्त तपासलं. बिनतेलाच्या वेळी हे घटक रक्तात जवळजवळ आलेच नाहीत, ६ ग्रॅमला आले, २८ ला त्याहून जास्त. अभ्यासातली माणसं मोजकीच होती, पण फॅट लागतं ही गोष्ट पक्की आहे. म्हणजे बघा, तुम्ही रोज एवढी मेहनत करून गाजर किसताय आणि त्यातलं जे हवं तेच नीट मिळत नाहीये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग करा काय, तर मोजून घाला. तुमच्या एकटीच्या वाडग्याला एक छोटा चमचा ते दोन छोटे चमचे तेल, त्यात निम्म्याच्या आसपास लिंबू किंवा सौम्य व्हिनेगर, मस्टर्ड जरा सढळ हाताने. जेवणात दुसरीकडे कुठे तेल-तूप, अंडं, दाणे असतील तर तेही कामी येतंच, पण सॅलड हेच जेवण असेल तर तेवढं तेल असू द्या.

मी लसूण ठेचून घालते आणि महिनाभराचं एकदम करून बाटली ओट्यावरच ठेवते. वेळ वाचतो. चालतं ना?

नाही. ही बाटली आजच टाकून द्या, प्लीज. एरवी मी कुणाला असं तोडून सांगत नाही पण इथे सांगतेय.

लसूण जमिनीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू असतात. उघड्या हवेत ते गप्प पडून राहतात. पण तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि बाहेर ठेवलं की ऊब मिळते, म्हणजे त्यांना जे जे हवं ते सगळं. त्यातून जे विष तयार होतं ते नसांवर हल्ला करतं आणि जीवघेणं असू शकतं, आणि त्याला ना वास, ना चव, ना बुडबुडे यायलाच हवेत असं काही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका ठिकाणी तेलात ठेवलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. तुम्ही म्हणाल माझ्यात व्हिनेगर आहे. आहे, आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तर हे बॅक्टेरिया वाढू शकत नाहीत हेही खरं. पण बरणीत तेल वर येतं, लसणाचे तुकडे त्या तेलात अडकून बसतात, त्यांच्या आतपर्यंत आंबटपणा पोचलाय की नाही हे घरी कुणी कसं सांगणार?

म्हणून ताजा लसूण, आलं, कांदा, हिरवी पानं असं काहीही ओलं घातलं असेल तर ड्रेसिंग लगेच फ्रिजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवा. नुसतं तेल, व्हिनेगर, मीठ, मिरी, मस्टर्ड असेल तर फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात राहतं. वेळ वाचवायचाच असेल तर हे साधं करून ठेवा आणि लसूण त्या त्या दिवशी वाडग्यात घाला. किंवा त्याहून सोपं, सॅलडच्या वाडग्याला आतून लसणाची कापलेली पाकळी चोळा, वास येतो आणि तुकडा पोटात जात नाही.

पाहुणे येणार म्हणून अर्धा तास आधी सॅलड कालवून ठेवलं तर पानं मरगळली. व्हिनेगर जास्त झालं असेल का?

सगळे व्हिनेगरलाच दोष देतात! खरं म्हणजे पान मरगळवतं ते तेल. पानावर मेणासारखा पातळ थर असतो, पाणी आणि व्हिनेगर त्याच्यावरून घरंगळून जातात, पण तेलाची त्याच्याशी सोयरीक जमते, ते पसरतं, आत शिरतं, पानाच्या आतली हवा बाहेर ढकलतं आणि पान गडद, ओलं, लुळं पडतं. घरी करून बघायचं असेल तर लेट्यूसची तीन पानं घ्या, एकावर पाणी, एकावर व्हिनेगर, एकावर तेल चोळा आणि दहा-पंधरा मिनिटांनी उजेडात धरा, तेलाचं पान काचेसारखं पारदर्शक डागांनी भरलेलं दिसेल. म्हणूनच नीट एकजीव केलेलं ड्रेसिंग महत्त्वाचं, त्यात तेल व्हिनेगरच्या आत थेंबांमध्ये बंद असतं, पानाला लगेच भिडत नाही.

तरीही पानांचं सॅलड ताट मांडल्यावरच कालवा. पानं कोरडी हवीत, अगदी कोरडी, स्वच्छ कापडात गुंडाळून हलक्या हाताने झटका, कारण ओल्या पानावर ड्रेसिंग टिकतच नाही, सगळं तळाशी साचतं आणि मग आपण अजून ओततो. माणशी एक मोठा चमचा इथून सुरुवात करा आणि मोठ्या वाडग्यात हातानेच कालवा, चमच्याने पानं मोडतात, आणि बोटांना कळतं कुठलं पान कोरडं राहिलंय.

आधी कालवून ठेवायचंच असेल तर कोबी, गाजर, उकडलेल्या शेंगा, छोले, राजमा यांचं करा, त्यांना उलट मुरायला वेळ हवाच असतो. उकडलेला बटाटा तर गरम असतानाच ड्रेसिंगमध्ये टाका, गार झाल्यावर टाकलात तर ते वरवरच राहतं, गरम बटाटा ते आत ओढून घेतो. तिथे माप दीडपट ठेवा, बटाटा खूप पितो.

फार आंबट झालं तर? खारट झालं तर?

आंबट झालं तर आधी चिमूटभर साखर किंवा दोन थेंब मध, मग लागलं तरच तेल. खारट झालं तर मीठ न घालता अजून एक माप करून त्यात मिसळा, दुसरा उपाय नाही. मिळमिळीत लागत असेल तर दहातल्या आठ वेळा मीठ कमी असतं, व्हिनेगर नाही.

फ्रिजमधून काढलं तर ड्रेसिंग गोठून पांढरे गोळे झालेले. खराब झालं का? तेलात भेसळ आहे का?

दोन्ही नाही. ऑलिव्ह ऑइल थंडीत गोठतंच, त्यावरून शुद्ध-अशुद्ध काही ठरत नाही. अर्धा तास बाहेर ठेवा, हलवा, वापरा. आणि बरणी काचेची असू द्या, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यात व्हिनेगर ठेवायचं नाही, धातू आंबटाला लागतो.

घरात लहान बाळ आहे आणि मिस्टरांना मोहरीची ॲलर्जी आहे. काय बदल करू?

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध अजिबात नाही, थेंबसुद्धा नाही, मघाशी ज्या बॅक्टेरियाचं लिहिलं त्याचेच बीजाणू मधात असू शकतात आणि एवढ्या छोट्या पोटात ते वाढतात. मोहरीची ॲलर्जी असेल तर मस्टर्ड पूर्ण बंद, आणि विकतच्या सॉसचं लेबलही वाचा, मोहरी कुठेही असते. त्याजागी एक चमचा तिळाची पेस्ट किंवा घट्ट दही फेटून घाला, तीळ-दूध चालत असेल तरच अर्थात. नाहीतर काहीच न घालता साधं तेल-व्हिनेगर, वाढताना परत हलवायचं.

ताई, मी एकटी राहते, स्वयंपाकघर नावालाच आहे. माझ्याकडे फक्त लिंबू, तेल, मीठ आणि एक कांदा आहे. एवढ्यात होईल का?

होईल गं, आणि मस्त होईल! कांदा अगदी बारीक चिर, एक मोठा चमचा पुरे, बाकीचा ठेवून दे. वाटीत कांद्यावर एक मोठा चमचा लिंबाचा रस पिळ, मीठ घाल आणि पंधरा मिनिटं विसरून जा, तोवर भाजी धुऊन पुसून घे. आंबटात बसल्यावर कांद्याचा उग्रपणा जातो, तो थोडा नरम होतो, लाल कांदा असेल तर रस गुलाबी होतो, आणि तो रस इतका चविष्ट लागतो की बाकी काही नसलं तरी चालतं. मग अडीच-तीन चमचे तेल घालून काट्याने फेट. लिंबाचा रस साधारण ५-६ टक्के आंबट असतो, व्हिनेगरच्या आसपासच, पण त्याची ताजी चव एका दिवसात उतरते, म्हणून लिंबाचं करशील तेव्हा त्या जेवणापुरतंच कर. लिंबं पण सारखी नसतात, एक पिळून चव बघ आणि मगच तेल किती ते ठरव.